नवा शून्य

काचपट्टी तिने सूक्ष्मदर्शीखालून काढली, तिच्यावर चिकटवलेलं नाव वाचलं आणि पुन्हा जागेवर ठेवली. डोळा लावला. पेशी तिथेच होत्या, लालसर दाण्यांनी भरलेल्या, एकमेकींना खेटून. जिथे चिटपाखरूही दिसायला नको तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

पट्टीवर "शून्य" लिहिलेलं होतं. शून्य म्हणजे ती स्वतः.

प्रयोग तसा सोपा. बारीक भोकांच्या पडद्यावर पांढऱ्या पेशी ठेवायच्या आणि खाली कुणाचं तरी रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी. अॅलर्जीने शरीर सुजलं की तिथून काही रेणू सुटतात. त्यांचं काम एकच, हाका मारणं. रक्तजलात ते असले की वरच्या पेशी अंग चोरून भोकांतून खाली उतरतात; उतरलेल्या तेवढ्या काचपट्टीवर घेऊन मोजायच्या. बिचाऱ्या मदतीलाच येतात, पण स्वभावाने भारी आगाऊ. शत्रू नसला तरी हात चालवल्याशिवाय राहत नाहीत, आणि मार बसतो श्वासनळीला.

तुलनेसाठी एक निरोगी माणूस लागतो, ज्याच्या रक्तजलाकडे एकही पेशी ढुंकून बघत नाही. प्रयोगशाळेत ती जागा पहिल्यापासून तिची होती. धूळ, परागकण, शेंगदाणे, तिला कशाचंच वावडं नव्हतं. सगळे तिला शून्यबाई म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे.

"शून्यबाई, चेहरा का उतरलाय?" उंदरांचे पिंजरे आवरून आलेल्या सहकाऱ्याने विचारलं. त्याच्या उंचीमुळे त्याचं नाव शिडी पडलं होतं.

"नळ्यांची अदलाबदल झालीय बहुतेक."

"तुझ्या हातून? मग उद्या सूर्य पश्चिमेला उगवणार."

ती हसली. तो गेल्यावर तिने स्वतःचं रक्त पुन्हा काढलं आणि प्रयोग पहिल्यापासून केला. दुसऱ्या दिवशी पट्टीवर तीच गर्दी होती.

मग तिला आपला खोकला आठवला. सकाळी चिकटणारे डोळे आठवले. खोकल्याला तिने हवा बदलल्याचं कारण दिलं होतं, डोळ्यांना जागरणाचं. उंदरांच्या अंगावरून उडणाऱ्या धुळीची अॅलर्जी माणसाला हळूहळू जडते, हे नव्या लोकांना तीच तर समजावून सांगायची. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना, कळलं तर उंदरांच्या खोलीचं दार तिला बंद होणार होतं. इतक्या वर्षांचं काम, तेही अगदी शेवटाला आलेलं, आयतं शिडीच्या पदरात पडलं असतं. तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला. कुणाला काही सांगायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. नवा शून्य तेवढा हवा होता.

तो घरातच होता. धाकटी बहीण तिच्याकडेच राहायची, तलावावर पोहायला शिकवायची. पाण्याखाली गेली की लोक काळजीने काठावर यावेत, असा तिचा दम. प्रयोगशाळेची पायरीही ती कधी चढली नव्हती.

"रक्त? घे की," दंड पुढे करत धाकटी म्हणाली. "नाहीतरी रोज पितेसच."

"कुणाला बोलू नकोस."

"का गं, चोरीचा मामला आहे?"

"नाही. उगाच फाटे फुटतात."

त्या नळीवरही तिने "शून्य" असंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी तयार झाली तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने डोळा लावला.

तिच्या पट्टीवर होती त्याहून जास्त गर्दी इथे होती.

धाकटीचा उंदराशी संबंध काय? मग एकेक गोष्ट समोर येत गेली. घाई म्हणून घरी धुवायला नेलेले अॅप्रन. ते झटकून इस्त्री करणारी धाकटी. आल्या आल्या आंघोळ न करता धाकटीच्याच पलंगावर अंग टाकायची आपली सवय, आणि केस मोकळे सोडून दोघींनी मारलेल्या गप्पा. धाकटी त्या खोलीत कधी गेली नव्हती. ती खोलीच रोज संध्याकाळी तिच्याकडे येत होती.

"आला का शून्य?" सरांनी दारातून विचारलं.

"नाही सर. आणि आपल्यातल्या कुणाचा येईल असं मला वाटत नाही," ती म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचंय. पण उद्या. आज घरी जाऊ द्या."

प्रयोगशाळेतच तिने डोक्यावरून आंघोळ केली. अॅप्रन तिथेच ठेवला. तरी घराच्या दारात पोचल्यावर आत पाऊल टाकायचा धीर होईना. धाकटीने दार उघडलं आणि नेहमीसारखा तिच्या पिशवीसाठी हात पुढे केला.

"नको. तू जरा लांब उभी राहा."

"का? चावते की काय मी?"

धाकटीने पिशवी ओढूनच घेतली, छातीशी धरली, आणि हसता हसता तिला खोकला आला. भिंतीला हात टेकेपर्यंत तो थांबला नाही.

"काही नाही गं," श्वास गोळा करत ती म्हणाली. "तलावात औषध टाकतात ना, ते लागतं हल्ली."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"झाले बरेच महिने. तुला कामाचं इतकं टेन्शन असतं, म्हणून बोलले नाही."