क्लेमच्या पाठीवरचा तीळ

मेंढ्यांना औषध पाजून क्लेम टॅगर्ट घरी आला तेव्हा अंगावर लोकर, घाम आणि तांबड्या मातीचा थर बसला होता. बनियन काढून तो टाकीच्या नळाखाली वाकला, आणि पाठ चोळता चोळता त्याच्या बायकोचा, ड्यूल्सीचा, हात मधेच थांबला.

ही पाठ तिला स्वतःच्या स्वयंपाकघराइतकी ठाऊक. उजव्या खांद्याखालचा तो तीळही जुना, मसुराएवढा, गोल, तपकिरी. आता त्याची एक कड कपड्यावर चहा सांडावा तशी वेडीवाकडी पसरली होती आणि एका बाजूला तो काळा पडला होता.

"ह्यो तीळ वाढलाय," ती म्हणाली.

"वाढू दे की. औंदा रानात दुसरं काय वाढलंय?"

दवाखान्यात चल म्हटल्यावर क्लेमला एकदम सगळी कामं आठवली. लोकर कातरणारी टोळी यायचीय, तळ्याकडचं कुंपण पडलंय, गाव काय जवळ आहे? भांडण जेवणापर्यंत चाललं. मग ड्यूल्सी बोलायचीच बंद झाली. त्या आठवड्यात क्लेम तिच्याऐवजी कुत्र्याशी बोलत बसायचा.

शनिवारी दोघं गावच्या दारूच्या गुत्त्यात गेली. टोळीतली माणसं तिथं आधीच बसलेली. ड्यूल्सीनं सगळ्यांदेखत विषय काढला. क्लेम चिडला. असले तीळ या उन्हात कुणाच्या पाठीवर नसतात, असं विचारत त्यानं सदरा वर केला आणि बाकीच्यांनाही करायला लावला. गडी हसत हसत पाठी उघड्या करून उभे राहिले. गुत्त्याची मालकीण म्हणाली, एवढ्या पांढऱ्या पाठी एका जागी बघितल्या त्या फक्त मेंढ्या कातरल्यावर.

तीळ सगळ्यांनाच होते. पण प्रत्येकाच्या अंगावरचे तीळ एकमेकांची भावंडं दिसत. क्लेमच्या पाठीवर मात्र तो एक तीळ परका, दुसऱ्याच्या कळपातून घुसल्यासारखा.

टोळीतला म्हातारा आल्बी पुढं आला. त्याच्या डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग नव्हता. त्यानं बराच वेळ निरखलं.

"माझ्या कानाचं आसंच झालं हुतं, क्लेम. सांगायला घरात बायकू नव्हती. तुला हाय. जा."

कुणी हसलं नाही. क्लेमनं सदरा खाली केला.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं भिंगातून तीळ पाहिला. आकार बदलला का, खाज येते का, रक्त येतं का, असं विचारत गेली. क्लेम प्रत्येक वेळी नाही म्हणाला. शेवटी ड्यूल्सीनं सांगितलं की बनियनवरचे रक्ताचे डाग तिनंच धुतलेत. बाईंनी तीळ कापला आणि तपासायला पाठवला.

निकाल येईपर्यंत क्लेमनं पडलेलं कुंपण उभं केलं, मग ड्यूल्सी कधीपासून सांगत होती ते कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बसवलं. तो घाबरलाय हे तिला तेव्हा कळलं. तीही घाबरली होती, पण तिनं केक भाजला.

फोन आला. तीळ वाईट जातीचाच होता, कातडीचा कॅन्सर, पण खोल गेला नव्हता. भोवतालची थोडी कातडी आणखी काढायची, आणि पुढं नेमानं अंग तपासून घ्यायचं. क्लेम पायरीवर जाऊन बसला. ड्यूल्सी शेजारी बसली आणि दोघांनी मिळून अख्खा केक संपवला.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंचं लक्ष ड्यूल्सीकडं गेलं. नाकाशेजारी ते काय? चष्मा घासतो, ड्यूल्सी म्हणाली. हिवाळ्यापासून खपली धरते, पडते, पुन्हा धरते. न भरणारी जखम चष्म्याची नसते, असं म्हणत बाईंनी भिंग उचललं. कॅन्सरची ही जात सावकाश वाढते, भिऊ नका, पण काढून टाकू.

आता बोलायची पाळी आपली, हा आनंद क्लेमला लपवता येईना. परतीच्या वाटेवर त्यानं तिचीच सगळी बोलणी तिला व्याजासकट ऐकवली. ती खिडकीबाहेर बघत बसली. मग त्यानं गाडी रस्त्याकडेला घेतली, तिची टोपी काढली आणि तिचा चेहरा उजेडाकडं वळवून गाल, कान, मान, सगळं सावकाश न्याहाळलं.

"काय बघतुयास?"

"इतकी वर्सं तुझं नुसतं ऐकतच आलो," क्लेम म्हणाला. "बघायचं राहूनच गेलं."