शनिवारची पुडी

शिवणाच्या कारखान्यात त्यांना सगळे काजबाई म्हणत. दिवसभर सदऱ्यांना काजं करायची आणि बटणं लावायची, एवढं त्यांचं काम. दुसरं नाव घ्यायची वेळ कोणावर आलीच नव्हती. तर या काजबाईंचं अंग वर्षभरात असं काही सुटलं, की स्वतःच्याच कपड्यांच्या शिवणी उसवून त्यांना पुन्हा घालाव्या लागल्या.

कापड बेतणारे मास्तर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, सासर मानवलंय म्हणावं, तर तुम्हाला सासर नाही. मग मानवलंय तरी काय?"

सगळे हसले. बाईही हसल्या. हसल्या नसत्या तर रुसल्या म्हणाले असते.

खरं तर त्यांचं जेवण ते केवढं? एका माणसाचं एक पातेलं, तेही अर्धं. पण ते पाहायला होतं कोण? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कमी खा, चालत जा म्हणून सांगितलं. बाईंनी कमी खाल्लं, चालत गेल्या, आणि आणखी जाड झाल्या. डॉक्टर म्हणाले, "चोरून खाल्लेलंही अंगाला लागतं हं." तो शब्द त्यांना फार झोंबला. कोणापासून चोरायचं? घरात दुसरं माणूस असेल तर चोरी.

म्हणून त्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण नजर बारीक. त्यांनी वजन पाहिलं आणि मग बाईंकडेही पाहिलं. चेहरा गोल गरगरीत, पोट पुढे आलेलं, हातपाय मात्र काटक्या. पोटावर जांभळे पट्टे आणि दंडावर निळे डाग.

"कुठे आपटलात?"

"नाही हो."

"काही औषधं घेता?"

"छे! काहीच नाही."

हे बोलताना बाई खोटं बोलत नव्हत्या. औषध म्हणजे डॉक्टर देतो ते. पुडी म्हणजे पुडी. ती त्यांनी कधी औषधात धरलीच नव्हती.

काजं करून करून त्यांची बोटं आखडायची. म्हणून दर शनिवारी काम सुटलं की त्या दुखण्यावर भुकटी विकणाऱ्या पुडीवाल्या काकांकडे जायच्या. काका त्यांच्यासाठी स्टूल पुसायचे, आठवडाभराच्या पुड्या बांधता बांधता विचारपूस करायचे, आणि मुख्य म्हणजे उत्तर ऐकायचे. बाईंचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारं अख्ख्या आठवड्यात ते एकच माणूस.

रक्ताची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी लहान मुलाला शिकवावं तसं समजावून सांगितलं. "आपल्या पोटात दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या एक रस तयार करतात. शेजारून रोज आयतं ताट येऊ लागलं तर आपली चूल थंड पडेल ना? तुमच्या ग्रंथींचं तसंच झालंय. तोच रस बाहेरून इतका येतोय की त्यांनी काम सोडलंय. त्यानेच अंग सुटलंय, तुमच्या खाण्याने नाही."

तुमच्या खाण्याने नाही! बाईंचे डोळे भरून आले.

"घरी कोण असतं? त्यांना विचारू, तुमच्या पोटात काय काय जातं ते."

"मी असते."

"आणखी?"

"मीच."

"मग तुम्हीच आठवा. जे काही तोंडात टाकता ते घेऊन या. आणि एकदम काही बंद करू नका, ते धोक्याचं असतं."

आठवायचं काय त्यात? बाईंना तिथेच कळलं होतं. पण तोंड उघडावं तर शनिवार जातो, आणि मिटून बसावं तर जीव. "आणते," म्हणून त्या उठल्या.

शनिवारी काकांनी नेहमीसारखं स्टूल पुसलं. बाई बसल्या नाहीत.

"काका, या पुडीत असतं तरी काय?"

"मला काय ठाऊक, ताई? पिठासारखी तयार भुकटी येते. मी आपल्या पुड्या बांधतो. का, गुण येत नाही?"

"गुण येतो, पण..." आणि बाईंनी रस, ग्रंथी, थंड पडलेली चूल, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांची नजर काकांवर गेली. इतक्या दिवसांत त्यांनी या माणसाकडे नीट पाहिलंच नव्हतं. तेच गोल गाल, तेच पुढे आलेलं पोट. वर सरकलेल्या बाहीखाली दंडावर निळा डाग.

"तुम्हीही घेता?"

"कंबरेसाठी घेतो. घरचीच तर आहे." काकांचे हात थांबले. अर्धी बांधलेली पुडी त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "ही बंद केली तर इथे येईल कोण?"

"मी येईन की."

"ताई, पुडी नको असलेलं माणूस इथे आजवर आलेलं नाही." यात राग नव्हता. आज ऊन आहे म्हणावं, तसं ते म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "डॉक्टरांना दाखवायची तर दाखवा. माझं नाव तेवढं काढू नका."

बाईंनी आठवड्याच्या पुड्या पिशवीत टाकल्या आणि त्या निघाल्या.

सोमवारी त्यांनी पुडी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली.

"कुठून आणता?"

रस्त्यावर कोणी फिरता विक्रेता देतो, असं सांगून मोकळं होता आलं असतं. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं ते. पण डोळ्यांसमोर तो निळा डाग होता. त्यांनी गल्ली सांगितली, दुकान सांगितलं, दाराचा रंगसुद्धा सांगितला.

"आता तिथे चौकशीला तुमचा माणूस जाईल, तेव्हा ओरडू नका म्हणावं," त्या म्हणाल्या. "त्यांना ठाऊक नव्हतं. आणि आधी त्यांचं रक्त तपासा. अंग माझ्यासारखंच सुटलंय. सांगायला त्यांच्याही घरी कोणी नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. बाईंना पुडीऐवजी त्याच रसाच्या, थोड्या थोड्या करत कमी करायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "शरीर हळूहळू स्वतःचं काम पुन्हा शिकेल. वेळ लागेल. सोबतीला कोणी असलं तर बरं."

"बघते," बाई म्हणाल्या, आणि शनिवारी पुडीशिवायच काकांकडे जायचं ठरवत बाहेर येऊन औषधाच्या रांगेत उभ्या राहिल्या.