मंगळवारची पाळक

"उद्या कोवळ्या उसात भांगलायला या," उदयसिंहानं मोटारसायकलवरूनच सांगितलं.

चिमणाबाई खुरपं धूत होती. "उद्या मंगळवार हाय की, दादा. पाळक हाय."

"गेल्या मंगळवारी मी ट्रॅक्टर घातलता. काय वाकडं झालं? जी येणार न्हाय, तिनं बुधवारीबी यायचं न्हाय."

आषाढातल्या मंगळवारी मरगाईदेवीच्या नावानं अख्खं गाव पाळक पाळायचं. शिवारात कुणी पाय ठेवायचा नाही. तिच्या जोडीनं भांगलणारी, गळ्यात लिंग बांधलेली बसम्माही त्या दिवशी खुरपं टांगायची. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात राबलेल्या चिमणाबाईला कामाला बोलवायची एरवी कुणालाही मुभा होती. या चार-पाच मंगळवारी मात्र कुणाची छाती व्हायची नाही. आठवडाभर ती उदयसिंहाच्या ट्रॅक्टरवर डोळा ठेवून होती. काहीच घडलं नव्हतं. घडावं असं आपल्याला वाटतंय, याचीच तिला लाज वाटत होती.

मंगळवारी उदयसिंहाच्या मागोमाग बायका खुरपी घेऊन देवळापुढून निघाल्या. "चिमणे, गुडघं धरल्यात गं," बसम्मा म्हणाली, "पण करायचं काय?"

चिमणाबाई थांबली. अंगात आणणाऱ्या बायांची तिनं जन्मभर टिंगल केली होती. तिनं केस सोडले आणि ती घुमायला लागली.

"माझा वार मोडलासा!"

तो आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. दोघीतिघींनी वर धरलेले मोबाईल खाली आले. नैवेद्याचं ताट घेऊन आलेली उदयसिंहाची म्हातारी आई, बाळाबाई, सगळ्यांदेखत तिच्या पायांवर कोसळली. "चुकलं आई, लेकरू हाय माझं!" उदयसिंहानं मुकाट्यानं चपला काढल्या. पावलांवर म्हातारीची आसवं पडत होती, आणि चिमणाबाईला आता थांबताही येत नव्हतं.

उरलेले मंगळवार गावानं कडक पाळले. श्रावणात एका सकाळी बसम्मा नातीला, शांभवीला, घेऊन दारात आली. पोरगी तापानं फणफणली होती.

"अगं, दवाखान्यात ने आदी!"

"नेती की. पण आदी तुमी अंगारा लावा."

"बसम्मा... ते मी मुद्दाम केलतं गं. पाळक मोडाय नको म्हणून."

बसम्मानं हात जोडले. "माझी परीक्षा घिऊ नगासा, आई."

पोरगी कण्हत होती. चिमणाबाईनं चुलीतली राख चिमटीत घेऊन तिच्या कपाळाला लावली.

"जा आता. पळ."

बसम्मानं नातीला छातीशी धरलं आणि देवळातून निघावं तशी, पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी ती पायऱ्या उतरली.