उजेडाची ऊब

भिकनरावांना दिसत नाही, हे डॉक्टर सोडले तर सगळ्या सुरतेत एकट्या मालतीबाईंना ठाऊक होतं. आणि ते पोटात ठेवून ठेवून त्या बाईची झोप उडाली होती.

काचबिंदूनं नवऱ्याची नजर हळूहळू खाऊन टाकली होती. उन्हात उभं राहिलं तर समोर काहीतरी धुरकट हलायचं, छपराखाली शिरलं की नुसता काळोख. पण माणूस पडला नट! तरुणपणी खानदेशातल्या संगीत नाटक कंपनीत राजे-महाराजे गाजवलेले. कंपनी बुडाल्यावर सुरतेतल्या लिंबायतला येऊन दिवसा कापडाचा लूम चालवायचे आणि रात्री मंडळांच्या नाटकांत तलवार. केस पिकल्यावर अहिराणी सिनेमांनी त्यांना घरोघरचा बाप केलं. अजून रिक्षावाले 'राजे, बसा' म्हणत. असला माणूस पांढरी काठी हातात धरतोय होय? त्यांनी बायकोला गळ्याची शपथ घातली होती.

"दिसत नाही म्हटलं की लोक काम देत नाहीत, मालू. कीव देतात."

आणि खरं सांगायचं तर आजवर निभावलंही. मालतीबाई संवाद वाचून दाखवत आणि यांचे एका ऐकण्यात पाठ. सेटवर बायकोचा हात धरून येत, तर लोक म्हणत काय जोडी आहे. सिनेमावाले त्यांना बहुतेक खाटेवर नाहीतर खुर्चीवर बसवत. नाटकात तर डोळे लागतच नसत. मंडळांकडे अजून ते जुने, चुलीसारखे तापणारे दिवे होते. गालाला ऊब लागली की समजायचं, प्रेक्षक तिकडे. "उजेड गालाला कळतो," असं ते ऐटीत सांगत आणि उबेकडे बरोबर वळत.

या सिनेमात मात्र चालायचं होतं. पलसाण्याच्या हमरस्त्यावर कापड रंगवायच्या एका कारखान्यात शूटिंग होतं. भिकनरावांचं काम म्हाताऱ्या रंगाऱ्याचं. तो सगळं आयुष्य जिथं घालवलं त्या कारखान्यात परत येतो, एकटाच चालत खांबापाशी जातो आणि दिव्यांकडे वळून शेवटचं बोलतो. दिग्दर्शक वैभव लिंबायतचाच, यांची नाटकं बघत वाढलेला. त्यानं हे काम खास त्यांच्यासाठी लिहिलं होतं. नायकाचं काम, तेही या वयात! भिकनराव पोरासारखे हरखले होते.

सकाळी त्यांनी नवऱ्याला हात धरून जागा फिरवून दाखवली. खांब इकडे, आणि खांबाच्या एका अंगाला रंगाची भली मोठी उघडी टाकी, काठ जेमतेम गुडघ्याएवढा. टाकी तेव्हा तापवलेली नव्हती, गारढोण. भिकनरावांनी काठाला हात लावून पाहिला. म्हणाले, काळजी कसली करतेस, मी खांबापाशी थांबणार आणि दिवे लागले की त्यांच्याकडे वळणार. टाकी राहील पाठीमागं.

मालतीबाईंना जरा हायसं वाटलं. मग यांना माईक लावला, मेकअप झाला, त्यांना शेडच्या टोकाला नेऊन उभं केलं. आणि वैभवच्या डोक्यात आलं की टाकी तापवायची, वाफ हवी.

वाल्व फिरवला. टाकी आधी गुरगुरली, मग खदखदायला लागली, आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये कुठलाही आवाज असा घुमायचा की कुठून येतो ते कळू नये. पांढरी वाफ छपरापर्यंत गेली, आणि लांब उभ्या मालतीबाईंच्या तोंडावर झळ आली. तेवढ्यात दिवे लागले. डोळे दिपावेत असे लखलखीत, पण शेजारी उभं राहूनही ऊब म्हणून नाही. नव्या तऱ्हेचे दिवे ते, तापतच नाहीत म्हणे. मालतीबाईंनी दिव्याला हात लावून पाहिला. गार.

माय व! हा माणूस उबेकडे वळणार. जन्मभर वळत आलाय. उकळत्या रंगाला प्रेक्षक समजून चालत जाणार!

त्या धावत वैभवकडे गेल्या, वाफ बंद कर म्हणाल्या. तो हसला. वाफेशिवाय शॉट कोरडा दिसेल म्हणाला, आणि त्यानं त्यांना प्रेमानं बाजूला बसवलं. यांच्या कानात सांगावं, तर यांच्या छातीवर माईक, आणि साउंडवाल्याच्या कानात यांचा श्वाससुद्धा. शपथ मोडावी? माणसाच्या तोंडचा घास काढून घ्यावा? सांगू की नको, सांगू की नको, एवढ्यात वैभवनं ॲक्शन म्हटलं.

भिकनराव निघाले. काय चालणं ते! खांबापाशी आले, हातानं खांब चाचपला, थांबले. मान जरा वर करून गालानं शोधलं. आणि दिव्यांकडे पाठ करून ते टाकीकडे वळले. चेहऱ्यावर हसू. एक पाऊल पुढं टाकलं, मग आणखी एक. लोकांना वाटलं, वा, काय सुचलंय म्हाताऱ्याला.

मालतीबाईंना नाव घेऊन ओरडायचं होतं. पण तोंडून बाहेर पडलं ते भलतंच. कंपनीत असताना त्या राणीचं काम करत. युद्धाला निघालेल्या राजाला राणी अडवते तो प्रवेश त्यांनी गावोगावी केला होता, आणि त्या वाक्याला राजाचा पाय जिथल्या तिथं थांबायचा.

"थांबावं, महाराज! पुढची भूमी आपली नाही!"

भिकनरावांचा पाय अधांतरीच थांबला. काठ त्यांच्या नडगीपासून वीतभर होता.

कट झालं आणि शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट. वैभव तर उड्याच मारायला लागला. त्याला वाटलं, दोघांनी मिळून ऐनवेळी रंगवलं. मालतीबाई जाऊन नवऱ्याला दोन पावलं मागं घेऊन आल्या होत्या. भिकनरावांनी त्यांचा हात दाबला. असा आनंद त्या चेहऱ्यावर कंपनी बुडाल्यापासून आला नव्हता.

"फरीथी, आबा, अजून एकदा!" वैभव म्हणाला. "काकूंनाही फ्रेममध्ये घेतो. आणि या वेळी थांबू नका, पार पुढं या. खाली वाका."

"येतो की," भिकनराव म्हणाले. "मालू, ऐकलंस? राजाराणी!"

मालतीबाईंनी ऐकलं होतं. पार पुढं, म्हणजे काठावरच. पुन्हा एकदा आपण वेळेवर ओरडू, पुन्हा पाय थांबेल, याचा भरवसा काय? आणि हे सिनेमे तर असेच चालणार, आज वाफ, उद्या जिना. आवाज निघाला तो स्टेजवरचाच, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

"ह्यांना दिसत नाही."

टाकी तेवढी खदखदत होती. भिकनरावांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग ओघळलं. ते बायकोवर चिडले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून हात सोडवून घेतला. सदरा नीट केला. खेळ संपल्यावर करत तसं गालानं उजेड शोधला, उबेकडे तोंड केलं, आणि दोन्ही हात जोडून खाली वाकून त्यांनी प्रेक्षकांना नमस्कार केला.

सगळी माणसं त्यांच्या पाठीमागं उभी होती. समोर नुसती टाकी होती.

वैभवनं मान फिरवली. यांना धरून वळवावं, असं मालतीबाईंना वाटलं, पण त्यांनी वळवलं नाही. एका हातानं यांच्या सदऱ्याची कड घट्ट धरली, आणि त्यांच्या शेजारी, टाकीकडे तोंड करून, त्यांनीही मान लववली.