संत्र्याचा ताण

नागपूरच्या मे महिन्यात माणसाचं डोकं फिरतं म्हणतात. आपलं खरंच फिरलं की काय, ही शंका मात्र चंपतरावांना एका संत्र्याच्या झाडापायी आली.

काटोलकडची बाग विकून ते मुलाकडे, अश्विनकडे राहायला आले, तेव्हा बागेतलं एक कलम तेवढं सोबत आणलं होतं. अंगणात ते आता चांगलं डोक्याइतकं उंच झालं होतं. नळ दिवसाआड यायचा, म्हणून घरात थेंब वाया जात नसे. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, सगळं बादलीत साठायचं आणि प्रेमिलाबाई ते झाडांना पुरवून पुरवून घालायच्या. संत्र्याला मात्र चंपतराव स्वतःच्या हातानं घालायचे.

एका सकाळी चंपतरावांनी बायकोला झाडापाशी बोलावलं. "हे पाय, आजपासून याले पाणी बंद. ताण देऊन राहिलो मी, बागेत देत होतो तसा. पानं कोमेजली तरी द्यायचं नाही. मंग मिरगाचा पाऊस पडला का असं फुलते बापा!"

"बरं झालं, तेवढं पाणी जास्वंदीले होईन," प्रेमिलाबाई हसल्या. "पण पहिला संत्रा मीच तोडीन हो, सांगून ठेवते."

झालं भलतंच. पानं मलूल व्हायला हवीत, तर ही आपली टवटवीत! चंपतरावांनी आळ्यात बोट खुपसलं, माती ओली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. त्यांनी नळाची गळती शोधली, शेजारचा पाइप तपासला. कुठं काही नाही. मग पाणी घालतंय कोण? अश्विन सकाळीच हिंगण्याला कंपनीत जायचा, झाडाकडे बघतही नसे. प्रेमिलाबाईंना तर समक्ष सांगितलं होतं. मग राहिलं कोण? आपणच!

चंपतराव घाबरले. त्यांचा थोरला भाऊ असाच जेवून उठायचा नि पुन्हा ताट मागायचा. शेवटी पोटच्या पोराला ओळखेना. आता बादली दिसली की ते तिथंच थबकायचे. ही कुणी भरली? आपण? गोळी घेतली का, चहा झाला का, सगळ्याचाच घोळ. सांगावं तरी कुणाला?

एका दुपारी झोपेचं सोंग सोडून ते हळूच खिडकीशी आले. अंगणात प्रेमिलाबाई. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बादली संत्र्याच्या आळ्यात कलती केली.

चंपतरावांचा जीव भांड्यात पडला. ते अनवाणीच बाहेर धावले. "हे काय करून राहिली वं?"

प्रेमिलाबाई दचकल्या. डोळे भरून आले. "तुम्ही पाणी द्यायले विसरून राहिले न जी. भाऊजीसारखं तुमचं होते का काय, भेवच वाटला मले. तोंडावर कशी सांगू? म्हणून लपून घातलं."

"अवं येडे, ताण दिला मी त्याले! सांगितलं होतं न तुले?"

"कवा? सांगितलं असतं तर मी हात लावला असता काय?"

चंपतरावांचं हसू ओठातच राहिलं. ती थट्टा करत नव्हती. याच झाडापाशी उभी होती, जास्वंदीचं बोलली होती, आणि आता चेहऱ्यावर त्यातलं काही म्हणता काही नव्हतं. खाली फरशी पोळत होती, पण पाय हलेना.

"हो वं," ते म्हणाले. "मीच विसरलो सांगायले."

त्यांनी तिच्या हातातली बादली घेतली, उरलेलं पाणी जास्वंदीला घातलं आणि ताणाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. प्रेमिलाबाईंनी मन लावून ऐकली.

"बरं बापा," त्या हसल्या. "पण पहिला संत्रा मीच तोडीन हो, सांगून ठेवते."