मान कुणाची धरायची

तिने खुर्ची मागे ढकलली ती थेट भिंतीवर आदळली.

"शंभरदा सांगितलं, डेटाबेस ठणठणीत आहे! विचारल्याबरोबर उत्तर देतोय."

"हे साहेबांना सांग," दादा म्हणाला. ड्रॉवरमधला मग, चार्जर, मुलीचा फोटो, जे हाताला लागेल ते तो पिशवीत कोंबत होता.

डेटाबेस सांभाळणाऱ्या या माणसाला सगळं ऑफिस दादाच म्हणे. तिकीटविक्रीची साइट आठवडाभर रडतखडत चालली होती आणि सकाळी साहेबांनी सगळ्यांना मेल धाडला होता. दोष डेटाबेसचा, जबाबदार हा. संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं नाही तर याने उद्यापासून यायचं नाही. वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक सापडायच्या आधी माणूस पकडायची ही कसली घाई!

कोडं मात्र विचित्र होतं. सर्व्हर निवांत, मेमरी मोकळी, आणि साइट चालवणारा तोच जावा भाषेतला प्रोग्राम तिच्या मशीनवर सुसाट. खऱ्या साइटवर एक पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक वैतागून निघून जाई.

दातओठ खात तिने थ्रेड डंप काढला. प्रोग्राममधला प्रत्येक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकेक काम, या घडीला कुठे अडकलंय, ते त्यात दिसतं. वाचता वाचता ती थबकली. सगळे एकाच दारात खोळंबले होते. एक जण लॉगच्या फाइलीत आपली नोंद लिहीत होता, बाकीचे त्याचं लिहून व्हायची वाट बघत होते. पाऊल टाकलं की नोंद, वळलं की नोंद. तिच्या मशीनवर हे लिहिणं चालूच नव्हतं.

"एवढं कुणी लिहायला लावलं?" दादाने वाकून विचारलं, आणि त्याचं त्यालाच आठवलं. मागच्या आठवड्यातल्या भांडणात साहेब टेबलावर हात आपटून ओरडले होते, "बारीकसारीक सगळं लॉगमध्ये आलं पाहिजे! पुढच्या वेळी कुणाची मान धरायची ते मला कळू दे."

तिने नोंदी कमी केल्या. साइट धावायला लागली.

साहेब आले. "सापडलं? काय होतं?"

"तुम्ही सुरू करायला लावलेला लॉग."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, घसा खाकरला. "बरं. झालं गेलं, सोडून द्या. सगळं ठीक आहे असा मेल टाक. कुणाचं नाव वगैरे नको."

"सकाळी दादाचं होतं." तिने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "आता तुम्हीच लिहा. सगळ्यांना."

साहेब उभेच राहिले. दादाने पिशवी खाली ठेवली आणि आपली खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली.