पितळी टोपीतला अंगठा

मी चिमीचा डावा अंगठा बोलतोय. डावा हे मुद्दाम सांगतो, कारण उजव्याने आयुष्यात कधी माझ्याइतकी सेवा केलेली नाही.

मी जन्माआधीपासून कामावर आहे. सोनोग्राफीत मी तोंडातच होतो, असं चिमीची आई सांगते. पुढे दात आले, तरी मी जागा सोडली नाही. झोप असो, रुसवा असो, बोलावणं मलाच. ओलं राहून माझी कातडी पांढरी पडली, घट्टा पडला, पण मान केवढा!

मला हटवायला आईने एकदा कडू औषध आणलं. समोर बसून घाईघाईत चोपडलं ते उजव्याला. तो आठवडाभर कडू, मी आत मजेत.

चिमीचे आजोबा शिंपी. बटण लावून झालं की ते दोरा दातांनी कट्कन तोडत. पाच वर्षांच्या चिमीने हट्ट धरला, "मी तोडते." दोरा दातांत धरून ओढला, तर तो अलगद सरकून बाहेर आला. पुन्हा तेच. दात मिटले, तरी वरच्या-खालच्या दातांत फट राहायची, बरोबर माझ्या जाडीची. चिमी रडली आणि सवयीने मलाच तोंडात घातलं. तेव्हा पहिल्यांदा मला लाज वाटली.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुधाचे दात आहेत. आत्ता सवय सुटली, तर फट बहुतेक आपोआप भरेल. पक्के दातही असेच आले, तर तारा लावाव्या लागतील." मग दोऱ्याची हकिकत ऐकून त्या आजोबांकडे वळल्या. "तुम्ही तोंड उघडा बघू." आजोबांच्या पुढच्या दाताला चक्क खाच पडली होती.

दुकानात आल्यावर आजोबांनी सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची आपली पितळी टोपी काढून मला घातली. "चिमे, आपण दोघं सारखेच चोर. आजपासून मी कात्री घेतो, तू ही घाल."

पहिले काही दिवस मी तडफडलो, खोटं कशाला बोलू? आजोबांचा दोरा तोंडाकडे निघाला की चिमी मशीनवर टोपी वाजवायची. मी निघालो की आजोबा कात्री वाजवायचे. दुकानात दिवसभर हीच टकटक.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असाच आत ठाण मांडून बसला असेल, तर त्याला रागावू नका. त्याला बाहेर काहीतरी काम द्या.

वर्ष उलटलं. काल चिमीने टोपी काढून मला वर नेलं. वाटलं, आली आठवण. पण तिने मला नव्या, पक्क्या दाताच्या कडेवर नुसतं टेकवलं. "आजोबा, सरळ आलाय."

इतकी वर्षं मी त्याचीच जागा अडवून बसलो होतो. त्याला म्हटलं, "बस बाबा आरामात." आणि मी टोपीत परत आलो.